मदत हवी: मामा तलावात थाई मांगूर निघून रायला, कळवलं तर आमचीच संस्था अडकन का?

तलावकाठचा

नमस्कार मंडळी, भंडारा जिल्ह्यातून लिहून रायलो. गावाचं नाव सांगत नाही, काहून ते पुढं समजेल. आमची ढिवर लोकांची लहानशी मच्छीमार संस्था हाय, मी सचिव, म्हणजे बारावी झालेला मी एकटाच होतो म्हणून करून टाकला. जिल्हा परिषदेचा एक मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला) आमच्याकडे ठेक्यावर आहे. मागच्या श्रावणात बोटुकली, म्हणजे माशाचं बोटभर बीज, टाकायची होती, नेहमीच्या केंद्रावर नंबर लागेना, तेवढ्यात एक पिकअपवाला ऑक्सिजनच्या पिशव्या घेऊन गावात आला, रोहू कतला मृगल मिक्स हाय म्हणे, भावही कमी, आम्ही घेऊन टाकलं. बिल नाही, वहीच्या पानावर आकडा लिहून देल्ला तेवढाच.

आता पाणी उतरलं तर जाळ्यात मिशावाले येऊन रायले. पहिल्या दिवशी सगळे खुश, कारण गावरान मांगूर आता औषधालाही भेटत नाही. पण हे एकेक दीड-दोन किलोचे! माझ्या बापानं जन्मात अर्ध्या किलोच्या वर मांगूर पाह्यला नाही. अंगावर करडे काळे चट्टे, डोकं फावड्यासारखं चपटं. एकाचं पोट फाडलं तर आत दोन बोटरी आन एक बोटभर मरळ. म्हणजे आमचंच बीज खाऊन हा मोठा झाला.

मोबाईलवर पाह्यलं तर हा थाई मांगूर दिसते, ह्याच्यावर 2000 सालापासून बंदी हाय, 2019 मध्ये हरित लवादानं साठे नष्ट करायलाही सांगितलं. ठीक हाय, पण नष्ट करायचं कोणी? आमी साहेबाले सांगाले गेलो आन त्यांनी उलट तुमीच बंदी असलेला मासा पाळला म्हणून ठेका काढून घेतला तर? अध्यक्ष म्हणते चुपचाप विकून टाका, चवीले काय वाईट हाय. पिकअपवाल्याचा फोन बंद. सांगा काय करावं, पावसाळा जवळ येऊन रायला.

पवनीकडचा

आधी खात्री करा भाऊ. नुसत्या वजनावर जाऊ नका. डोक्याच्या मागच्या हाडाचं टोक पाहा, गावरानीत ते निमुळतं, टोकदार असते, आफ्रिकन मांगुरात मधे खाच पडल्यासारखं दिसते. नाव थाई असलं तरी मूळचा आफ्रिकेचा मासा आहे तो. दोनचार बर्फात ठेवा, फोटो काढा, फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा.

धानवाला

एवढा कायले घोर लावून घेता? ब्लिचिंग टाका रात्री, सकाळी सगळं साफ.

पवनीकडचा

@धानवाला असं कोणाले सांगू नका बापू. पाण्यात विष टाकून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, सुरुंगाचंही तसंच. त्या तलावावर गावचे ढोरं पाणी पितात. आन सगळ्यात मोठी गोष्ट, मांगूर वरून हवा घेऊन जगते, चिखलात घुसून बसते, म्हणजे तुमचे रोहू, मरळ, शिंगूर आधी मरतील आन ज्याच्यासाठी केलं तोच वाचन.

खात्यातून_निवृत्त

मी मत्स्यव्यवसाय खात्यात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सचिवसाहेब, तुमची भीती समजते, पण लपवलं तर जास्त अडकाल. उद्या बाजारात कोणी फोटो काढला की तेव्हा तुम्ही तक्रारदार राहणार नाही, आरोपी व्हाल. आधी संस्थेची सभा घ्या, ठराव लिहा: अमुक तारखेला बीज विकत घेतलं, अमुक तारखेला हा मासा दिसला, संस्थेनं जाणूनबुजून सोडला नाही, शासनानं पंचनामा करून नष्ट करण्यास मदत करावी. वहीचं पान आणि पिकअपवाल्याचा नंबर जोडा, बिल नसलं तरी ते काही नसण्यापेक्षा बरं. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना एक प्रत, तलाव जिल्हा परिषदेचा म्हणून लघुसिंचन विभागाला एक, आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, पंचवीस वर्षं त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून सांगतो आहे.

अध्यक्षांना सांगा, विकायचं डोक्यातून काढा. बंदी फक्त पाळण्यावर नाही, वाहतूक आणि विक्रीतही पकडतात. आणि जिवंत विकला तर कोणीतरी दुसऱ्या तलावात सोडणारच.

गोंदियाची_लेक

सगळा कायदा गरिबाच्या जाळ्यावरच का पण? तिलापिया ही बाहेरदेशची मासळी 1952 ला सरकारी लोकांनीच आणली, 1959 मध्ये नको म्हणाले, मग 2009 ला त्यातल्या गिफ्ट जातीला परवानगी दिली. आज नाही उद्या होय, आमच्या बाबाला हे कसं समजावू? बाकी ढिवराच्या बाया अर्ध्या किलोची मरळ विकून घर चालवतात, ती संपली तर बंदीचा कागद शिजवून खायचा का.

खात्यातून_निवृत्त

ताई, राग बरोबर आहे. फरक एवढाच की गिफ्टला अटी घालून दिलं, म्हणजे परवाना, ठरावीक तळी, मासा बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था. अटी किती पाळल्या जातात तो वेगळा विषय, त्यावर बोललो तर रात्र जाईल. 2022 मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात परदेशी आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणं, वाढवणं यावर अधिसूचना काढून बंदी घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. पण पिकअप अडवायला नाक्यावर माणूस लागतो, अधिसूचना अडवत नाही.

तलावकाठचा

सगळ्यांचे आभार. हाड पाह्यलं, खाच हाय, तोच मासा. काल सभा झाली, अध्यक्ष आधी चिडले, मग त्यांच्याच पोरानं सांगितलं का पहिल्या पावसात हा मासा ओल्या गवतातून सरकत सांडव्याखालच्या धानाच्या बांध्यांत जाते आन तिथून खालच्या तलावात, तो तलाव अध्यक्षाच्या सासऱ्याच्या गावचा हाय. ठराव झाला! आज दोन्ही ऑफिसात पत्र देल्लं, दोन्ही पोच भेटल्या. एका ठिकाणी बाबूनं विचारलं का मासा आणला काय, मी बर्फाचा डबा उघडला तर तो अजून गलफडं हलवत होता, रात्रभर बर्फात राहून. बाबू खुर्ची घेऊन मागं सरकला.

सोमवारी पंचनाम्याले येतो म्हणाले. तोवर आमी ओढजाळं लावून ठेवणार, पाणी गुडघ्याच्या वर नाही. गावरान मासे अलग काढून विहिरीजवळच्या टाक्यात ठेवू. आता एकच प्रश्न, मेलेले गाडायचे कुठं, किती खोल? मागं वासरू पुरलं होतं ते कुत्र्यांनी दोन दिवसांत उकरलं.

पवनीकडचा

तलावाच्या पाळीपासून दूर, उताराच्या खाली, छातीभर खोल. मेले की नाही ते एकेक पाहून मगच टाका, हा बराच वेळ पाण्याबाहेर जगते. थरावर चुना, माती दाबून वरून बाभळीच्या फांद्या. आन साहेबासमोर मोजून, वजन करून टाका, वजनाचा आकडा पंचनाम्यात लिहून घ्या, तो पुढं बीजाची भरपाई मागताना कामी येईल.