डॉट फाइलपार्ट बंद करू का? काही गावांचं दूध बिलात येत नाही

दूधसंघ_संगणककक्ष:
नमस्कार. आमच्या दूध संघात शीतकरण केंद्रांवरून रोज रात्री एकेक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची) फाइल मुख्य कार्यालयाच्या लिनक्स सर्व्हरवर येते. केंद्रांवर विंडोज आहे, फाइल विनएससीपी हे सॉफ्टवेअर पाठवतं, एसएफटीपी या फाइल पाठवण्याच्या सुरक्षित पद्धतीने. आत सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटशिवायचे घन घटक). सर्व्हरवरची स्क्रिप्ट दर मिनिटाला फोल्डर बघते आणि सीएसव्हीने संपणारी फाइल डेटाबेसात घेते.
मोठ्या केंद्रांची फाइल येत असताना नावामागे डॉट फाइलपार्ट दिसतं, मग ते जातं. डोंगराकडच्या लहान केंद्रांच्या फाइली 60 ते 90 केबीच्या, त्यांना ते कधीच लागत नाही. पण नेमकी त्यांच्याच फाइलीतली शेवटची एक-दोन गावं गळतात. दहा दिवसांच्या बिलात लिटर कमी दिसले की माणूस काउंटरवर येतो, आणि त्याचंच बरोबर असतं. फाइलपार्टमुळेच गोंधळ होतोय का?

नेटवर्क_कोल्हापूर:
बंद करू नका. क्रोमचं क्रडाउनलोड, फायरफॉक्सचं पार्ट, त्यातलाच हा प्रकार. फाइल अजून पूर्ण झालेली नाही एवढंच ते नाव सांगतं.

जुना_युनिक्सवाला:
उलट आहे. फाइलपार्ट जिथे लागतं तिथे तुमचा डेटा शाबूत आहे, जिथे लागत नाही तिथेच गळतोय.
विनएससीपी मूळ सेटिंगला फक्त 100 केबीच्या वरच्या फाइलींना तात्पुरतं नाव देतं. लहान फाइल पहिल्या बाइटपासून खऱ्या नावानेच उघडते. एसएफटीपी ती तुकड्यातुकड्याने लिहितं. डोंगरातलं नेट मध्येच अडखळलं आणि त्याच क्षणी तुमची स्क्रिप्ट आली, तर तिला सीएसव्ही नावाची, बिनतक्रार उघडणारी, पण अर्धीच फाइल मिळते. गळलेल्या दिवसाची शेवटची घेतलेली ओळ बघा, बहुधा आकड्याच्या मध्येच तुटलेली असेल.
प्रेफरन्सेसमध्ये ट्रान्स्फर, त्याखाली एन्ड्युरन्स. तिथे तात्पुरतं नाव ‘सर्व फाइली’साठी करा. रात्रीचं काम विनएससीपीच्या स्क्रिप्टने होत असेल तर पुट कमांडलाच रिझ्यूमसपोर्ट ऑन द्या.
यावर इतकं विसंबता येतं ते युनिक्सच्या रीनेममुळे, म्हणजे नाव बदलण्याच्या कमांडमुळे. एकाच फाइलसिस्टिमवर, म्हणजे डिस्कच्या एकाच भागात, नाव बदलणं अखंड असतं: वाचणाऱ्याला पूर्ण फाइल दिसते किंवा दिसतच नाही, अधलीमधली अवस्था नाही. आरसिंक हे फाइली कॉपी करणारं साधनही टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या नावाने लिहितं आणि शेवटी नाव बदलतं. मेलडिर या ईमेल साठवण्याच्या पद्धतीत पत्र आधी टीएमपी फोल्डरात लिहिलं जातं, पूर्ण झाल्यावरच न्यू फोल्डरात जातं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण इथे पलीकडे कोणाच्या तरी म्हशीचं दूध मोजलेलं आहे.

दूधसंघ_संगणककक्ष:
ओळ खरंच तुटलेली निघाली, फॅटच्या आकड्यात दशांशचिन्हावर. सेटिंग बदलतो. आमचे एक सहकारी म्हणतात, फाइल आधी स्लॅश टीएमपी या सर्व्हरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवा आणि तिथून हलवा. चालेल?

जुना_युनिक्सवाला:
स्लॅश टीएमपी वेगळ्या पार्टिशनवर किंवा रॅममध्ये असेल तर नको. मग एमव्ही ही फाइल हलवायची कमांड नाव बदलत नाही, आधी कॉपी करतं आणि मग मूळ पुसतं, म्हणजे तीच अर्धी फाइल पुन्हा दिसणार. त्याच डिस्कवर शेजारी वेगळा फोल्डर करा.
फाइलच्या नावात केंद्र आणि तारीखही घाला. एसएफटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या नावाची फाइल आधीच असेल तर रीनेम नाकारलं जातं.
आणि केंद्राला शेवटी एक ओळ जोडायला सांगा: एकूण ओळी, एकूण लिटर. ती जुळली नाही तर स्क्रिप्टने फाइल घेऊच नये. पाठवणाऱ्याकडेच फाइल अर्धवट तयार झाली असेल, तर ते रीनेमला कळणार नाही, या ओळीला कळेल.

नेटवर्क_कोल्हापूर:
कालपरवाच्या, तशाच पडून राहिलेल्या फाइलपार्ट लगेच पुसू नका. नेट तुटलेलं असेल तर विनएससीपी पुढचा भाग तिथूनच जोडू शकतं. केंद्रावरून तीच फाइल पूर्ण आल्याची खात्री झाली की मग काढा.