ऑनलाइन कोर्स करून कॅन्सर एपिडेमिऑलॉजी (कॅन्सर कुणाला, किती आणि का होतो याचा अभ्यास) येते का?

रामदासपेठकर
परवा इथे एकाने लिहिलं: "आर, पायथन ही आकडेमोडीची सॉफ्टवेअरं घरबसल्या शिका आणि कॅन्सर संशोधनात या, रजिस्ट्रीच्या फायली चाळायचे दिवस गेले." तेव्हापासून डोकं फिरलंय. नागपूरची कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे शहरातल्या कॅन्सर पेशंटची नोंदवही, १९८० पासून चालू आहे. मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, खासगी लॅब, महापालिकेचं मृत्यू-नोंदणीचं रजिस्टर, सगळीकडे कुणीतरी पायपीट करून एकेक नोंद आणली आहे. छिंदवाड्याचा, बालाघाटचा पेशंट केसपेपरवर इथल्या नंदनवनच्या मेव्हण्याचा पत्ता लिहितो. तो नागपूरकर म्हणून मोजला की अंश (पेशंट) वाढतो, छेद (लोकसंख्या) तोच राहतो, आणि शहराचा दर फुगतो. एकाच बाईची बायोप्सी एकीकडे, ऑपरेशन दुसरीकडे, रेडिएशन तिसरीकडे. डोळ्यांत तेल घालून पाहिलं नाही तर तिचे तीन कॅन्सर होतात. कोर्सची सीएसव्ही, म्हणजे डेटाची फाइल, धुऊनपुसून दिलेली असते, त्यात हे कुठून कळणार?

रेसिडेंट_पीएसएम
सर, तुम्हाला मुंबईला जाऊन शिकता आलं. माझी मुलगी लहान आहे, ड्यूटी सुटत नाही. फ्रान्समधल्या लियाँच्या आयएआरसीचं (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) शिकण्याचं साहित्य मी ती झोपल्यावर वाचते. आमच्याकडे एका थीसिसचा निष्कर्ष होता की केमोच्या सहाही सायकल पूर्ण करणारे जास्त जगले. अहो, सहावी सायकल होईपर्यंत जे जगले तेच त्या गटात आले! व्हायवाला कुणी हूं की चूं केलं नाही. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात, हे मला एकाही सीनियरने सांगितलं नव्हतं, व्हिडिओने सांगितलं. आणि छेदाचं म्हणाल तर शेवटची जनगणना २०११ ची. पुढच्या वर्षांची लोकसंख्या अंदाजानेच काढावी लागते. ती वयोगटांनुसार कशी काढतात, तेही मी ऑनलाइनच शिकले.

वर्धारोड
ऑनलाइनचं कौतुक पुरे. पीजींना सक्तीचा केलेला बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स घ्या. चेन्नईच्या एनआयईने (राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था) मजकूर उत्तम केलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या हॉस्टेलवर व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवतात आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात. सर्टिफिकेट सगळ्यांकडे, सॅम्पल साइज विचारला की सगळे गप्प.

रेसिडेंट_पीएसएम
मी म्यूट करत नाही. सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका.

इतवारीचा_भाऊ
बाप्पा, तुम्ही सॉफ्टवेअरवर भांडून राहिले, पण माहिती जिथं भरली जाते तिथं पाहा ना. मी सर्व्हेत फॉर्म भरले आहेत. फॉर्मवर रकाना: "तंबाखू, रोज किती वेळा?" समोरचा पोरगा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खाणारा. पानठेल्यावर पन्नीत घोटलेली एक पुडी चौघं मिळून दिवसभर पुरवतात. कुणी गालात अर्धा तास धरतो, कुणी लगेच थुंकतो. तो काय आकडा सांगणार? सुपरवायझर म्हणाला, "दोन लिहून टाक, पुढं चल." त्या "दोन" वर पुढे कुणीतरी मॉडेल बसवलं असेल.

वर्धारोड
मग खर्रा तंबाखूतच मोजा ना. विषय संपला.

इतवारीचा_भाऊ
कसा संपला? खर्र्यात सुपारी भरपूर असते. नुसती सुपारीसुद्धा आयएआरसीने २००४ मध्येच ग्रुप १ मध्ये टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध. तंबाखू सोडून सुपारी चघळत राहिलेला माणूस तुमच्या फॉर्मवर "नाही" मध्ये जातो. तुलनेचा गटच नासला! विदर्भात तोंडाच्या कॅन्सरवर काम करता आणि सुपारीला रकाना नाही?

वर्धारोड
रकाने वाढवा, मग फॉर्म दहा पानी होतो आणि कुणीच भरत नाही. एसीत बसून सांगणं सोपं आहे.

इतवारीचा_भाऊ
एसी? मी मे महिन्यात ताजबागच्या गल्ल्यांत घरोघर फिरलोय. तोंड सांभाळून बोला.

रामदासपेठकर
दोघेही थांबा. भाऊ बोलले तेच माझं म्हणणं आहे. उस्मानाबादचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. सव्वा लाखावर बायका त्यात होत्या. एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव गेली म्हणून ते कळलं.

रेसिडेंट_पीएसएम
आणि त्याचे पहिले लेखक लियाँला आयएआरसीत होते, सर. गावात गेलेले आणि विश्लेषण जाणणारे, दोन्ही लागले. मला फायली चाळायच्याच आहेत. एका संस्थेकडे पेशंटची नावं-पत्ते वगळून डेटा मागितला, वर्ष होत आलं, उत्तर नाही. दार तुम्ही लोकांनी बंद ठेवायचं आणि वर आम्ही घरी बसून शिकतो म्हणून रागवायचं?

रामदासपेठकर
दाराचं म्हणणं खरं आहे, नाकारत नाही. इमॉर्टल टाइमचं तर माझ्या बॅचमध्येही फारसं कुणाला माहीत नव्हतं. विभागप्रमुखांचं पत्र आणि एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन या, नोंदी जुळवायला बसवतो. नोंदींना कॅन्सरचे संकेतांक कसे द्यायचे ती कोडिंगची पुस्तिका मात्र आधी वाचून या. ऑनलाइन वाचली तरी चालेल.

इतवारीचा_भाऊ
ताई, गेलात तर पहिले जुने फॉर्म काढून पाहा, सुपारी कुठं लिहिली आहे का ते. आणि इथं येऊन सांगा.