शब्दचर्चा: ‘क्लिकेबल ब्लॉक’ मराठीत लिहायचा कसा?

वेलांटी
आमच्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. मजकूर चढवायचं काम ग्रंथपाल आणि लिपिक करतात. इंग्रजी मदतपानं वाचायला कोणाला वेळ नाही आणि हौसही नाही, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहायला घेतलंय. बाकी सगळं जमलं, एका वाक्यावर गाडी अडली आहे.

‘नवी पुस्तकं’ या पानावर प्रत्येक पुस्तकाचा एक ब्लॉक असतो. त्यात मुखपृष्ठ, नाव, लेखक, दोन ओळींचा परिचय आणि तळाशी ‘अधिक वाचा’. सध्या फक्त त्या ‘अधिक वाचा’वर क्लिक केलं तरच पुस्तकाचं पान उघडतं. ज्येष्ठ सभासद मोबाइलवर मुखपृष्ठावरच बोट ठेवतात, काही होत नाही, मग वाचनालयात फोन येतो. आता ब्लॉकवर कुठेही बोट ठेवलं तरी पान उघडेल अशी सोय करतोय. ती कशी वापरायची, हे पत्रकात लिहायचंय.

पहिला खर्डा असा होता: ‘संपूर्ण खंड टिचकीयोग्य करा.’ ग्रंथपालांनी शांतपणे विचारलं, ‘कितवा खंड?’

तर ब्लॉक, क्लिकेबल आणि ते ‘संपूर्ण’, तिन्हींना काहीतरी सुचवा. सरकारी परिपत्रकाचा वास येणार नाही असं.

अर्धविराम
ग्रंथपालांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘खंड’ या शब्दाच्या डोक्यावर आधीच खूप कामं आहेत. ग्रंथाचा खंड, आशिया खंड, कुळानं मालकाला द्यायचा खंड, आणि पाऊस देतो तो खंड निराळाच. वाचनालयात तर तो नकोच.

‘ठोकळा’ कानाला बरा वाटतो, पण ठोकळ्याला जाडी असते, पडद्यावरच्या सपाट वस्तूला तो जड होतो. त्यात ‘ठोकळेबाज’ची सावली पडते ती वेगळीच.

माझं मत ‘चौकट’ला. मराठी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द चांगला मुरलेला आहे. मोठ्या बातमीच्या पोटात जो छोटा स्वतंत्र मजकूर बसवतात, ती चौकट. पहिल्या पानावर फोटो, मथळा, दोन ओळी आणि खाली ‘सविस्तर पान ५ वर’ असं असायचं (अजूनही असतं), तो तुमच्या ब्लॉकचा छापील पूर्वजच म्हणायचा.

एक पथ्य मात्र पाळा. एडिटरच्या बटणावर ‘ब्लॉक’ असं लिहिलेलं दिसत असेल तर त्या जागी पत्रकातही ‘ब्लॉक’च लिहा. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉकांचाच एडिटर आहे, त्यामुळे तो शब्द तुमच्या लिपिकांच्याही तोंडी बसला असणार. लिपिक समोर पाहतो एक आणि कागदावर वाचतो दुसरं, असं झालं तर शुद्ध मराठीचा उपयोग शून्य. हत्याराचं नाव ब्लॉक, वाचकाला दिसते ती चौकट.

कडीकोयंडा
शब्द ठरवण्याआधी करताय काय ते सांगा, कारण ‘ब्लॉक क्लिकेबल केला’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

एक, अख्खा ब्लॉक ए टॅगच्या, म्हणजे लिंक बनवणाऱ्या खुणेच्या, आत घालणं. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या ४ आवृत्तीत हे नियमात बसत नव्हतं. ए हा ओळीतला घटक, त्याच्या पोटात परिच्छेद किंवा मथळा घालायला मनाई होती. २०१४ साली शिफारस म्हणून पक्क्या झालेल्या एचटीएमएल ५नं ती मुभा दिली, पण आत दुसरी लिंक किंवा बटण नको या अटीवर. ती अट मोडून आत दुसरा ए टॅग टाकलात, तर ब्राउझर पहिला टॅग तिथंच बंद करतो आणि ब्लॉकची फाळणी होते. एलिमेंटर या वर्डप्रेसवर पानं बांधायच्या प्लगइनमध्ये कंटेनरचा एचटीएमएल टॅग म्हणून ए निवडता येतो, तो हाच प्रकार.

दोन, डिव्हला, म्हणजे नुसत्या डब्याला, ऑनक्लिक (क्लिक झालं की चालणारा कोड) चिकटवणं. हे निव्वळ सोंग. माऊसनं चालतं म्हणून काम झालं असं वाटतं, पण टॅब कळ दाबत गेलात तर त्या ब्लॉकवर थांबाच नाही. उजवं क्लिक केलं तर ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ मिळत नाही. माऊस वर नेला तर खाली पत्ता दिसत नाही.

तीन, लिंक पुस्तकाच्या नावावरच ठेवायची आणि सीएसएसनं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेनं, त्या लिंकचा ‘आफ्टर’ हा आभासी घटक ब्लॉकभर ताणायचा. ब्लॉकला पोझिशन रिलेटिव्ह, आभासी घटकाला ॲब्सोल्यूट, चारही कडांपासून अंतर शून्य. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएसच्या संग्रहानं २०१९मध्ये, ४.३ आवृत्तीत, यासाठी ‘स्ट्रेच्ड-लिंक’ नावाचा तयार क्लासच दिला. ऑफिसच्या टेबलावर काच असते ना, खालचे कागद दिसतात पण बोट काचेलाच लागतं, तसं हे. म्हणूनच खालचा मजकूर निवडून कॉपी करायला गेलं की हाताला लागत नाही. आणि ब्लॉकमध्ये ‘पुस्तक राखून ठेवा’ असं वेगळं बटण हवं असेल तर त्याला पोझिशन आणि झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर, तो क्रम) देऊन काचेच्या वर काढावं लागतं.

मी तिसरा प्रकार वापरतो. शब्द तुम्ही कोणताही ठेवा, फक्त दुसऱ्या प्रकारावर पांघरूण घालणारा नको.

अर्धविराम
‘ब्लॉकभर ताणायचा’ असं सहज लिहून गेलात आणि वेलांटीताईंचा निम्मा प्रश्न सोडवलात!

त्यांना ‘संपूर्ण’साठी विशेषण हवं होतं. मराठीला इथं विशेषण लागतच नाही, ‘-भर’ पुरतो. घरभर पसारा, गावभर बोभाटा, अंगभर लुगडं. गोष्ट कुठून कुठवर पसरली आहे ते तो एका अक्षरजोडीत सांगतो. ‘संपूर्ण चौकट’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, आधी ती अर्धवट होती की काय. ‘चौकट पूर्ण क्लिकेबल करा’ हे तर आणखी वाईट, कारण त्यातलं ‘पूर्ण’ चौकटीचं की क्लिकेबलचं, हा वाद कोर्टात जाईल. ‘दुवा चौकटभर पसरवा’ यात शंकेला जागा नाही.

‘-भर’ मापही दाखवतो हे खरं. मूठभर, चमचाभर. ‘चौकटभर मजकूर’ म्हणजे एका चौकटीत मावेल इतका मजकूर, असाही अर्थ निघेल. पण सोबत ‘पसरणे’ आलं की मापाचा अर्थ आपोआप गळतो.

आता ‘क्लिकेबल’. ‘टिचकीक्षम’ असं कोणी सुचवायच्या आत सांगतो, ‘क्षम’ म्हणजे समर्थ. कार्यक्षम म्हणजे कार्य करू शकणारा. त्या हिशेबानं टिचकीक्षम चौकट स्वतःच वाचकाला टिचकी मारेल. ‘-योग्य’ निदान चुकीचा नाही, ‘पिण्यायोग्य पाणी’ आपण म्हणतोच, पण तो लायकीचं प्रमाणपत्र देतो. ‘-जोगा’चंही तेच. दाबण्याजोगी चौकट म्हणजे जी दाबावीशी वाटते ती. ‘-नीय’ संस्कृत धातूंना शोभतो, ‘दाबनीय’ केलंत तर तुमचे ग्रंथपाल राजीनामा देतील.

जुनाजाणता
टिचकीला हसायची फॅशन झाली आहे, म्हणून तिच्या बाजूनं दोन शब्द. मराठी संकेतस्थळांवर ‘येथे टिचकी मारा’, ‘येथे टिचकी द्या’ असं लोक हौसेनं लिहायचे, अजूनही कुठेकुठे दिसतं. शब्द काही वाईट नाही. बोटाची हालचाल आहे, आवाज आहे, क्षणात होणारं काम आहे. माऊसच्या बटणाला याहून नेमका शब्द दाखवा.

वेलांटी
माऊसला नेमका आहे, मान्य. पण आमचे सभासद माऊस वापरतच नाहीत. मोबाइलच्या काचेवर टिचकी मारायला सांगितली तर काही जण खरंच मारतील.

जुनाजाणता
मग ‘दाबा’ म्हणा. ‘कळ दाबा’ अजिबात नको. कळ म्हणजे बटण, कळ म्हणजे वेदना, आणि कळ लावणारा नारद पुन्हा वेगळा.

कानसेन
मी पडदावाचकावर, म्हणजे स्क्रीन रीडरवर, संगणक वापरतो. मला दिसत नाही. या चर्चेत टिचकी, क्लिक, दाबा, बोट ठेवा एवढं सगळं आलं, पण मी यातलं काहीच करत नाही. एनव्हीडीए या पडदावाचकात के दाबत एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर उड्या मारतो आणि हवी ती आली की एंटर. माझ्यासाठी चौकट क्लिकेबल आहे की नाही याला अर्थच नाही. लिंक आहे का आणि ती वाचताना काय ऐकू येतं, एवढंच मला कळतं.

कडीकोयंडांचा पहिला प्रकार वापरलात तर अनेकदा मला चौकटीतलं सगळं एकाच लिंकचं नाव म्हणून ऐकावं लागतं. मुखपृष्ठाचं वर्णन, नाव, लेखक, परिचयाच्या दोन्ही ओळी आणि शेवटी ‘अधिक वाचा’. पानावर वीस पुस्तकं असली तर वीस वेळा हे कीर्तन. सध्याची तुमची पद्धत उलट बाजूनं छळते. लिंकांची यादी काढली की ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’. कशाबद्दल अधिक, ते देव जाणे. लिंक कुठे नेते हे तिच्या शब्दांवरून किंवा लगतच्या मजकुरावरून कळलं पाहिजे, हा डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या नियमावलीतला अगदी पायाभूत, ए पातळीचा निकष आहे, क्रमांक २.४.४.

तिसऱ्या प्रकारात मला फक्त पुस्तकाचं नाव ऐकू येतं आणि डोळस माणसाला चौकटभर जागा मिळते. दोघांचंही भागतं.

शब्दाबद्दल विचाराल तर ‘उघडणे’ वापरा. बोटानं, माऊसनं, एंटरनं, कशानंही केलं तरी शेवटी पान उघडतंच.

अर्धविराम
कानसेन, मी इतका वेळ प्रत्ययांची चिरफाड करत बसलो होतो आणि तुम्ही तो शब्दच अनावश्यक ठरवलात. ‘क्लिकेबल’ हे वस्तूच्या अंगच्या गुणाचं वर्णन आहे. मराठी माणूस दाराला ‘उघडण्यायोग्य दार’ म्हणत नाही, ‘दार उघडतं’ म्हणतो. क्रियापद हाताशी असताना विशेषण कशाला पाडायचं?

जुनाजाणता
टिचकी हरली, पण सन्मानानं हरली. एक सांगून ठेवतो. ‘चौकटीला दुवा द्या’ असं लिहू नका. आमची आजी नातवंडांना दुवा द्यायची.

वेलांटी
हाहा! मग ‘दुवा जोडा’?

जुनाजाणता
जोडा. मराठी विकिपीडियावर लेखांच्या शेवटी ‘बाह्य दुवे’ असतात आणि बाजूला ‘येथे काय जोडले आहे’. तिथं जोडणंच रुळलं आहे.

कडीकोयंडा
आमच्याकडे सगळे ‘ती लिंक’ म्हणतात, अनेकवचन ‘लिंका’. ‘दुवा’ मी आजवर लिहिलेला पाहिलाय, कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

वेलांटी
आमच्या लिपिकही ‘लिंक टाक’ म्हणतात. तेव्हा पत्रकात ‘लिंक’च ठेवते, दुवा संकेतस्थळाच्या तळाशी ‘उपयुक्त दुवे’मध्ये सुखानं नांदू दे. नवा मसुदा असा:

‘लिंक पुस्तकाच्या नावाला जोडा. मुखपृष्ठाला किंवा परिचयाला वेगळी लिंक जोडू नका. त्यानंतर ब्लॉकच्या सेटिंगमध्ये “चौकटभर लिंक” सुरू करा. आता वाचकानं चौकटीत कुठेही बोट ठेवलं तरी पुस्तकाचं पान उघडेल. “राखून ठेवा” हे बटण स्वतंत्र चालतं, त्यावर बोट ठेवलं तर पान उघडणार नाही.’

‘अधिक वाचा’ काढून टाकते. चौकटभर लिंक आहे म्हटल्यावर त्याचं काम उरलं नाही.

कडीकोयंडा
अगदीच काढू नका. चौकट उघडते हे डोळ्यांना कळायला काहीतरी खूण हवी. बाण ठेवा, किंवा माऊस आल्यावर कड गडद करा. मोबाइलवर माऊस नसतो, म्हणून बाण बरा. आणि पडदावाचकापासून तो लपवा, नाहीतर कानसेनांना प्रत्येक पुस्तकामागे ‘उजवा बाण’ ऐकावा लागेल. ‘राखून ठेवा’ बटण फार बारीक करू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२मध्ये किमान आकार २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल सांगितला आहे, काही अपवाद सोडून. चारही बाजूंनी लिंकच पसरलेली असताना बटणाचा नेम चुकला की माणूस थेट दुसऱ्या पानावर जातो, म्हणून तुमच्याकडे त्याहूनही मोठं हवं.

अर्धविराम
मसुदा चांगला उतरलाय. एकच सूचना. ‘चौकटीत कुठेही’ आणि ‘चौकटभर’ दोन्ही ठेवलेत ते योग्य केलंत. लिंक पसरते म्हणून ‘चौकटभर’, बोट एकाच ठिकाणी टेकतं म्हणून ‘कुठेही’. ‘चौकटभर बोट ठेवा’ असं चुकूनही होऊ देऊ नका.

वेलांटी
शेवटचं विचारते. सेटिंगमध्ये चालू-बंदच्या ऐवजी दोन पर्यायांची यादी द्यायची म्हणतायत. तिला मथळा काय देऊ? ‘लिंकची व्याप्ती’ असं मनात आहे.

जुनाजाणता
व्याप्ती प्रबंधासाठी ठेवा. ‘लिंक कुठे चालेल?’ असं विचारा आणि खाली पर्याय द्या: ‘फक्त नावावर’, ‘चौकटभर’.