पाळक घडवायचा कुठं: सेमिनरीच्या वर्गात की सोलापूरच्या बोळात?

अशोक_चौककर

सलाम मंडळी.

आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक मुलगा जूनमध्ये सेमिनरीला, पाळक (पाद्री) होण्याचं शिक्षण घ्यायला, जाणार आहे. त्यावरून गेल्या रविवारी उपासनेनंतर वडील मंडळाच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांच्या) बैठकीत मी ठराव मांडला की त्यानं जाण्याआधी एक वर्ष सोलापुरातच शिकावं. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात. आणि त्यानं एकट्यानंच नाही. आपले वडील, संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघाची पोरं यांनीही दर शनिवारी त्याच्याबरोबर फिरावं. बैठकीत दोन तट पडले आणि ठराव पुढं ढकलला गेला. म्हणून इथं मांडतोय.

हे माझ्या डोक्यात का बसलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतला एक जण कारखान्यातल्या अपघातात गेला. रात्री अकराला निरोप आला. पाळकसाहेब लगेच सिव्हिलला आले, बायबल घेऊन बाकावर बसले, त्या माऊलीचा हात धरून प्रार्थना केली. त्यांच्या प्रेमात काही कमी नव्हतं. पण पहाट झाली, सकाळ झाली, देह काही ताब्यात मिळेना. पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय शवविच्छेदन होत नाही, आणि त्यासाठी कुणीतरी ठाण्यात जाऊन बसावं लागतं, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. वीस माणसं नुसती उभी. शेवटी शेजारच्या मागावरचा एक कामगार, आपल्या मंडळीचाही नाही, त्यानं धावपळ केली. दुपारी दोनला देह मिळाला. नुकसानभरपाईचं काय करायचं, असं बाईंनी विचारलं तेव्हा आम्ही सगळे पाळकांकडं बघितलं आणि पाळकांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते. त्या माणसाला आपण हे कधी शिकवलंच नव्हतं.

२०११च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं, आणि महाराष्ट्रातली ४५ टक्के माणसं शहरात राहत होती. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे कामगारांचं गाव. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच बोळात ऐकू येते. इथं सेवा करायची तर इथंच शिकायला नको का? बायबलमधला नहेम्या यरुशलेमेला आला, तीन दिवस गप्प राहिला, मग रात्री फिरून पडलेला तट आपल्या डोळ्यांनी बघितला आणि त्यानंतर तोंड उघडलं. मला एवढंच हवंय. आधी तट बघा.

साडेनऊची_उपासना

सलाम. मी त्या बैठकीत होतो आणि ठरावाच्या विरोधात बोललो. इथंही तेच बोलतो.

पंचनाम्याला कार्यकर्ता मिळतो. भरपाईला वकील मिळतो. पण नवरा गेलेल्या बाईजवळ बसून पुनरुत्थानाची आशा सांगायला पाळकाशिवाय कोण आहे? त्या रात्री पाळकांनी जे केलं तेच त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी चोख केलं. तुम्ही त्यांची मान खाली गेलेली बघितली. मी त्या बाईंचा हात बघितला, तो त्यांनी रात्रभर सोडला नव्हता.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. विधवांच्या वाटपावरून कुरबुर झाली तेव्हा बारा प्रेषितांनी काय म्हटलं? देवाचं वचन सोडून आम्ही पंक्तीला वाढत बसणं बरं नव्हे. मी ४० वर्षं या शहरातली व्यासपीठं ऐकतोय. आजच्या संदेशांत बोधकथा असतात, वर्तमानपत्रातल्या बातम्या असतात. पण रोमकरांस पत्र सलग उलगडून सांगणारा पाळक मला बोटावर मोजण्याइतका भेटलाय. पोराला हिब्रू, ग्रीक शिकू द्या. तिथं तीन-चार वर्षं मिळतात तीच कमी पडतात. त्यातही तुम्ही त्याला रेशन कार्डाच्या रांगेत उभं करणार?

अशोक_चौककर

काका, तुमचा मान राखून सांगतो, तोच अध्याय पुढं वाचा. बारा जणांनी वाढण्याचं काम टाकून दिलं नाही. त्यासाठी सात माणसं निवडली, आणि ती पवित्र आत्म्यानं व ज्ञानानं पूर्ण असावीत अशी अट घातली. त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आपल्या मंडळीत ते सात कोण? वडील मंडळ वर्गणी आणि छपराची दुरुस्ती यांतच अडकलंय. त्या सातांतलाच फिलिप्प पुढं शोमरोनात जाऊन शुभवर्तमान सांगतो. वाढणारा आणि सांगणारा एकच माणूस होता की.

म्हणून तर ठरावात एकट्या विद्यार्थ्याचं नाव नाही, वडिलांचंही आहे.

विडीवालीची_लेक

माझी आई ३१ वर्षं विड्या वळते. मी आता शिक्षिका आहे. दोन्ही भावांनी अध्याय काढलेत, मी आमचं घर सांगते.

रात्री पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पहाटे ते कातरायचं. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि वळत बसायचं. हजार विड्या होईपर्यंत मान वर नाही. सकाळी कारखान्यात विड्या टाकायला जायचं. तिथं तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत, आणि पान कमी पडलं तर पदरचं घालायचं. हे सगळं आईच्या बोटांवर लिहिलंय. तर्जनीचं कातडं खडबडीत, वास जात नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ती भाकर घ्यायला हात पुढं करते तेव्हा आधी पदराला पुसते. लहानपणी मला वाटायचं, ती पाप पुसतेय.

आमच्याकडं आजवर चार पाळक भेटीला येऊन गेले. सगळे दुपारी चारला. चार वाजता आईच्या सहाशे झालेल्या असतात, चारशे राहिलेल्या असतात. पाळक आले की सूप बाजूला, चहा, खुर्ची पुसा. पाऊण तास जातो. त्या दिवशी आई रात्री बारापर्यंत बसते. आईनं कधी तक्रार केली नाही, पाळक घरी येणं हा आशीर्वाद आहे असंच ती मानते. पण चौघांपैकी एकानंही सूप बघून विचारलं नाही की, मावशी, किती राहिल्या?

हे सेमिनरीत शिकवता येतं का मला माहीत नाही. पण माझ्या आईला रोमकरांस पत्रही हवंय, काका. ती वळताना मोबाईलवर संदेश लावून ऐकते. तिला तुम्ही समाजकार्याच्या बाजूला टाकू नका. आणि दादा, तुमच्या ठरावात वडील आहेत, विद्यार्थी आहे, तरुण संघ आहे. एकही बाई नाही. मिशनच्या काळात घरोघरी जाऊन वाचायला शिकवणाऱ्या, आजाऱ्याजवळ बसणाऱ्या बायबलबाया होत्या. शहराच्या बोळांत चुलीपर्यंत जाणाऱ्या त्याच. त्यांची परंपरा कुठं गेली ते आधी शोधा.

फ्री_कॉलनी

मी सेटलमेंट भागातला. मला या धाग्यावर एक गोष्ट टोचतेय आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

सोलापुरात चर्चनं शहरात सेवा पहिल्यांदाच करायची असल्यासारखं बोलताय. ती झालेली आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली आमच्या आज्या-पणज्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचं नाही, आणि कामाला मिलमध्ये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडं होता. मिशननं शाळा चालवल्या, औषधपाणी केलं, माणसं शिकली. माझ्या पणजोबाला अक्षर तिथंच मिळालं, हे मी नाकारत नाही. पण दयेचा हात आणि कुंपणाची किल्ली एकाच माणसाकडं होती. १९५२ साली, ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त झालो ते कायदा रद्द झाला म्हणून. कुणी चांगलं वागवलं म्हणून नाही.

तेव्हा माझा विरोध काकांच्या विरोधाहून वेगळा आहे. शहरसेवेचं शिक्षण म्हणजे वस्तीत जाऊन मदत कशी करायची याचं शिक्षण असेल तर मला ते नको. कुंपण कुणी घातलं, हे विचारायला शिकवणार असाल तरच या. विडीवालीच्या घरी जाऊन प्रार्थना कराल, फॉर्म भराल. छाटाचे पैसे कापणाऱ्याला विचाराल का? तो तुमच्या जीर्णोद्धाराला देणगी देत असेल तर?

आणि दुसरं. वस्तीत मदत घेऊन गेलात की लोक विचारतातच, बदल्यात काय? घरकुलात शेजारी हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, आपली चार घरं. पंचनाम्याला मदत करायची तर त्या सगळ्यांपैकी कुणालाही करायची, आणि खिशातली पत्रकं घरी ठेवून जायचं. नाहीतर जाऊ नका. त्याचा त्रास आमच्यासारख्या तिथंच राहणाऱ्यांना होतो, तुम्ही रिक्षानं परत जाता.

साडेनऊची_उपासना

फ्री कॉलनीवाले भाऊ, सेटलमेंटचं तुम्ही सांगितलंत ते मी आमच्या जुन्या मंडळींकडून अर्धंच ऐकलं होतं. शाळेचं सांगायचे, कुंपणाचं नाही. पत्रकांच्या बाबतीत मात्र माझं मत तुमच्यासारखं नाही. शुभवर्तमान लपवून ठेवायला मला सांगू नका. मदतीला अट नसावी हे मान्य. पण विचारलं तर सांगणार, आणि आनंदानं सांगणार.

सेमिनरी_तिसरं_वर्ष

ज्याच्याबद्दल चर्चा चाललीय तशाच मुलांपैकी मी एक. बार्शीकडचा, सध्या पुण्यात शिकतोय, म्हणून थोडं आतलं सांगतो.

सेमिनरीत प्रत्यक्ष सेवा नसते हा समज चुकीचा. शनिवार-रविवार आम्ही मंडळ्यांत जातो, सुटीत दोन-दोन महिने. पण अहवालात काय लिहायचं असतं? किती संदेश दिले, किती भेटी, किती प्रार्थनासभा. मागच्या उन्हाळ्यात मी एका मुलाला व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात नेण्यात नऊ दिवस घालवले. ते कोणत्या रकान्यात लिहू? शेवटी 'भेटी: १' असं लिहिलं.

तरी मी ठरावाच्या विरोधात आहे, कारण हे वर्ष कसं जाईल ते मला दिसतंय. मुलगा बारावी किंवा पदवी करून आलेला, घरची परिस्थिती बेताची. त्याला मंडळी म्हणेल, तू तर शिकतोयस, मानधन कशाला? मग तो घंटा वाजवेल, खुर्च्या लावेल, पाळकसाहेबांची गाडी चालवेल, वडिलांच्या घरची लग्नं सांभाळेल. वर्ष संपेल. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार उभा केला, हे आम्हाला अभिमानानं सांगतात. पण तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले नामांकित कवी होते. विशीतल्या पोराकडून तो त्याग मागू नका. पौलानं करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्लाकडं राहून तंबू शिवले, हातानं कमावलं. तसं करायचं असेल तर अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस सेवा ठेवा, आणि ते कागदावर लिहा.

हेही सांगतो की वस्तीतले प्रश्न कळायला मला हिब्रूनं मदत केली. बायबलमधले संदेष्टे मुळातून वाचले तेव्हा कळलं की त्यांतला आमोस खोट्या तराजूबद्दल बोलतोय. छाटाच्या विड्या आणि आमोस एकाच वर्गात शिकवणारा मला हवाय. सेमिनरी नको, बोळ हवा, असं मी म्हणणार नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

सगळं खरं, पण शिकवणार कुणाला? आमच्या तरुण संघात १४ जण होतो, आज सोलापुरात तिघं. बाकी पुण्यात, हिंजवडी नाहीतर चाकण. मीही त्यातलाच. दर दोन महिन्यांनी हुतात्मा एक्सप्रेसनं येतो, एक रविवार मंडळीत बसतो आणि परत. पुण्यात चार जण एका खोलीत राहतो, रविवारीही शिफ्ट असते. सोलापूरच्या मंडळीनं माझी चौकशी मी गेल्यापासून केलेली नाही, पुण्याच्या मंडळीत मी पाहुणा. तुमच्या शहरसेवेत गाव सोडून गेलेली स्वतःची पोरं येतात का? एक फोनही चालेल.

अशोक_चौककर

रात्रभर विचार केला. ठराव मी बदलून मांडतोय.

वर्षभर आधी थांबवण्याचा हट्ट सोडला. मुलगा जूनमध्ये सेमिनरीला जाईल, आणि दर सुटीत सोलापुरात येऊन शिकेल. त्या महिन्यांचं मानधन मंडळी देईल, लेखी. छपराचं काम एक वर्ष थांबलं तरी पाऊस कुठं फार पडतो आपल्याकडं. पण वडिलांचं आणि शिक्षकांचं शिक्षण याच महिन्यात सुरू व्हावं, त्यासाठी सेमिनरीची वाट बघायची गरज नाही. शिकवायला पाहुणे वक्ते नकोत. त्या रात्री धावपळ करणारा तो मागवाला कामगार मला अजून भेटतो, पहिला तास त्याला द्यायचा, पंचनाम्यापासून भरपाईच्या अर्जापर्यंत. दुसरा तास विडी कामगार बायांनी घ्यावा. ताई, तुमचं चुकलं नाही, माझं चुकलं. बायांची नावं ठरावात पहिली येतील.

फ्री कॉलनीवाले भाऊ, देणगीदाराच्या प्रश्नाला माझ्याकडं धड उत्तर नाही. बैठकीत तो प्रश्न मी तुमच्याच शब्दांत वाचून दाखवेन. आणि हुतात्मा एक्सप्रेसवाले भाऊ, त्या चौदांतल्या गाव सोडून गेलेल्यांचे नंबर मला पाठवा, फोन मी करतो.

साडेनऊची_उपासना

मी अजूनही म्हणेन की वचन पहिलं. पण शनिवारी येईन. अट एकच, मागवाल्याच्या तासानंतर अर्धा तास मला द्या. आमोसपासून सुरू करू, त्या सेमिनरीच्या पोरालाही फोनवर घ्या. आणि ताई, तुमच्या आईंना भेटायला यायचं आहे. कोणत्या वेळी यावं?

विडीवालीची_लेक

काका, कारखान्यातून ती साडेअकराला परत येते. जेवून अर्धा तास आडवी होते, तेव्हा नको. रविवारी उपासनेनंतर या, त्या दिवशी सूप उचलून ठेवलेलं असतं. मधल्या दिवशी यायचं झालं तर चहा-खुर्चीची वाट बघू नका, तिच्याजवळ खालीच बसा आणि पान कातरू लागा. बोलायला तिला हात थांबवावे लागत नाहीत. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तिला अर्धा पाठ आहे, उरलेला तुम्ही सांगा.