सल्ला हवा: बाबांसाठी सीडी घेऊ की विकतचं डाउनलोड? (बजेट २०००)

चोपडेकर: बाबा निवृत्त होऊन मळ्यात राहायला गेलेत. सातपुड्याच्या पायथ्याला, नेटवर्कचं नाव नको. ऐकायचंय शास्त्रीय आणि थोडं नाट्यसंगीत. तिथे जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला पेनड्राइव्हही जोडता येतो. सीडी घेऊ की पैसे भरून गाणी उतरवून देऊ? दोन हजारांवर एक रुपया नाही.

धुळ्याचा_दादा: दोन हजारात काय येतं भाऊ? मी दिवाळीत ४२ हजारांचा सेट घेतला, भिंती हलतात. आधी सेट बदला.

केळीबाग: डाउनलोडच्या नादी लागू नका. एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले, चारशे गाणी उतरवली. वर्ष संपलं आणि सगळ्यांना कुलूप.

फ्लॅकवाला: केळीबाग, ते भाड्याचं घर होतं हो. फाइल विकत घेतली तर आपलीच राहते. फक्त एमपीथ्री घेऊ नका, फ्लॅक घ्या. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, फ्लॅकमध्ये त्यातलं काहीही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते.

तापीकाठ: ३२० च्या, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या एमपीथ्रीत आणि फ्लॅकमध्ये फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याला डोळे बांधून बसवा एकदा. शिवाय जुना डीव्हीडी प्लेअर फ्लॅक वाजवेलच असं नाही, एमपीथ्री बहुधा वाजवतो.

भुसावळ_लोको: सीडी नकोच. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. गाडीत राहिलेल्या दहाच्या दहा सीडी वाया गेल्या.

जुना_टेक्निशियन: लोको, त्या घरी राइट केलेल्या असणार. त्यांत रंगाचा थर असतो, ऊन-उष्णतेने तो उडतो. कारखान्यात छापलेली सीडी सावलीत डबीत उभी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. पुसताना गोल फिरवू नका, मधून बाहेर सरळ पुसा. आणि चकाकत्या बाजूपेक्षा नाव छापलेली बाजू जपा. अ‍ॅल्युमिनियमचा थर तिच्या अगदी खाली असतो. माझं मत: सीडी घ्या, कॉम्प्युटरवर उतरवा, पेनड्राइव्ह बाबांना द्या.

कानबाईचा_भक्त: आते सीडी कोठे भेटस भो? मन्हाकडे अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडींची पेटी पडलीय. बहिणाबाईंच्या ओव्यांचीही एक आहे, तीपण अहिराणीच.

असोद्याची_लेक: बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली. किती वेळा सांगायचं?

कानबाईचा_भक्त: ताई, खानदेश एकच शे ना!

पारोळा_७१: वरचं सगळं वाचलं नाही. डाउनलोड घेऊ नका, पैसे भरणं बंद केलं की गाणी जातात.

फ्लॅकवाला: 🙏

जुना_टेक्निशियन: एक राहिलं. मैफलीच्या सीडीत विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात. एमपीथ्री केल्यावर साधे प्लेअर मध्ये क्षणभर थांबतात, ऐन समेवर. शक्य तिथे अख्खा राग एका फाइलीत घ्या.

चोपडेकर: सगळ्यांचे आभार. पेनड्राइव्ह भरून नेला होता. बाबा म्हणाले, यात तबल्याला कोण, पेटीला कोण, कुठे लिहिलंय? रिमोटने फाइली वरखाली करून कंटाळले. शेवटी छापील सीडीच मागवल्या, तीन. पोस्टेज धरून २१८०. त्यांच्यातले नावांचे कागद बाबांचे दोनदा वाचून झालेत, पण प्लेअर 'नो डिस्क' दाखवतोय. चोपड्यात लेन्स साफ करून देणारं कोणी आहे का?

धुळ्याचा_दादा: म्हटलं होतं, आधी सेट बदला.