‘रक्तसंक्रमणामुळे संक्रमण’ : हे वाक्य कसं लिहावं?

प्रश्न

एका आरोग्यविषयक पुस्तिकेचा मजकूर तपासते आहे. त्यात हे वाक्य आहे : ‘१९७८ ते १९८४ या काळात अमेरिकेत रक्तसंक्रमणामुळे अंदाजे १२,००० जणांना एचआयव्हीचं संक्रमण झालं.’ एकाच वाक्यात ‘संक्रमण’ दोनदा आणि दोन वेगळ्या अर्थांनी आलंय. काय करावं?

प्रतिसाद

‘रक्तसंक्रमण’ सरकारी कागदपत्रांत रुळलेला शब्द आहे. संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं, त्यामुळे तो चुकीचाही नाही. घोळ दुसऱ्या ‘संक्रमणा’चा आहे. रोगाच्या संदर्भातला तो वापर हिंदी बातम्यांमधून आपल्याकडे आला. आपल्याकडे ‘लागण’ आणि ‘संसर्ग’ असताना त्याची गरज नाही.

सामान्य वाचकासाठी मी तर ‘रक्त चढवल्यामुळे’ असंच लिहीन. ‘रक्त दिल्यामुळे’ मात्र कृपा करून नको. दात्यानं दिलं की डॉक्टरांनी रुग्णाला दिलं, हे त्यातून कळत नाही. रक्तदान केल्यानं एचआयव्ही होतो अशी भीती आधीच अनेकांच्या मनात असते, तिला असं वाक्य खतपाणी घालतं.

प्रतिसाद

ताई, शब्द बदलले तरी वाक्य चुकीचंच राहील. १२,००० हा १९८७ साली मांडलेला अंदाज आहे आणि तो त्या वेळी *हयात असलेल्या* लोकांचा आहे. ‘हयात’ गळलं की अर्थच बदलतो.

रक्त कोणाला चढवतात? मोठी शस्त्रक्रिया, अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, कर्करोग. यातले बरेच रुग्ण मूळ दुखण्यानंच काही महिन्यांत जातात. त्यांच्यापैकी कितीजणांच्या शरीरात विषाणू गेला होता, हे कुणी तपासलं नाही आणि तपासता आलंही नसतं. रक्तातला एचआयव्ही ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेत परवानगी मिळाली तीच मुळी मार्च १९८५ मध्ये. म्हणजे एकूण लागण झालेले १२,००० पेक्षा नक्कीच जास्त. गेलेली माणसंही माणसंच होती, एका विशेषणाच्या हलगर्जीपणानं ती हिशेबातून पुसली जाऊ नयेत.

‘अंदाजे’सुद्धा बदला. ‘अंदाजे १२,०००’ म्हटलं की कुणीतरी मोजून मग आकडा ढोबळ केला असं वाटतं. इथे मोजणी झालीच नाही. असे अंदाज बांधताना दात्यांमध्ये बाधित किती असावेत, एकेका रुग्णाला किती पिशव्या लागल्या, त्यातले किती जगले, असं एकेक गृहीत धरत जावं लागतं. बाधित पिशवीतून लागण होण्याची शक्यता दहात नऊच्या आसपास असते, तेवढी एक बाजू पक्की. बाकीचं थोडं हललं तरी उत्तर हलतं. म्हणून ‘असा अंदाज आहे’ हेच प्रामाणिक.

प्रतिसाद

आणखी एक भर. ‘दूषित रक्तामुळे’ हा शब्दप्रयोगही जपून वापरा. बाधित रक्ताच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात रक्त चढवल्यामुळे एचआयव्हीची लागण झालेले ८० ते १०० असावेत असा अंदाज आहे, तर रक्त न गोठण्याच्या आजाराचे सुमारे १,२५० रुग्ण रक्तापासून बनवलेल्या औषधामुळे बाधित झाले. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून ते औषध बनायचं, त्यामुळे एक बाधित दाता पुरेसा होता. दोन्ही गट ‘दूषित रक्ता’त ढकलले की तेराशेच्या वरचा आकडा ‘रक्त चढवल्यामुळे’ म्हणून फिरत राहतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वाक्य असं केलंय : ‘१९७८ ते १९८४ या काळात रक्त चढवल्यामुळे एचआयव्हीची लागण झालेले आणि १९८७ साली हयात असलेले सुमारे १२,००० लोक अमेरिकेत असावेत, असा अंदाज त्या वर्षी मांडला गेला.’ लांबलंय, पण चालेल.

दाता बाधित निघाल्यावर त्याचं आधीचं रक्त कुणाकुणाला गेलं ते शोधतात, त्या ‘लुकबॅक’ला काय म्हणावं?

प्रतिसाद

‘मागोवा’. ‘दात्याच्या आधीच्या रक्ताचा मागोवा घेतला’ असं लिहिलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.