फेसलिफ्टनंतर कान बधिरही आहे आणि ठणकतोही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, ‘या वयात कशाला ही थेरं’ हा प्रश्न घरी सगळ्यांनी विचारून झालाय. तो सोडून बाकी काहीही लिहा.

वय ५९, निवृत्त. चेहरा आणि मानेचं फेसलिफ्ट, म्हणजे सैल कातडी ताणून घेण्याची शस्त्रक्रिया, होऊन आज १९ दिवस झाले. टाके निघाले, सूज बरीच उतरली, हिरवे-पिवळे डाग पावडरखाली झाकले जातात. चेहऱ्याबद्दल तक्रार नाही. सगळं दुखणं कानात येऊन बसलंय. संमतीपत्रात ‘कानाभोवती तात्पुरती बधिरता’ अशी ओळ होती, पण मी ती एसटीच्या तिकिटामागच्या नियमांसारखी वाचली.

चीर कानशिलाच्या केसांतून निघते, कानापुढून खाली येते, पाळीला वळसा घालून कानामागून परत केसांत जाते. म्हणजे कान टाक्यांच्या कुंपणात. दोन्ही पाळ्या बधिर आहेत, उजवी जास्त. हात लावला की दुसऱ्याच कुणाची पाळी धरल्यासारखं वाटतं. त्यात खाज सुटते! खाजवलं तर बोटाला कळतं, कानाला कळत नाही, आणि खाज आहे तिथेच. मधूनच सुई टोचावी तशी एक झणकन कळ पाळीपासून मानेपर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, कळ येणं म्हणजे नस जागी होतेय, काही महिने लागतील. ठीक, ते मान्य.

अडचण रोजच्या गोष्टींची आहे.

एक म्हणजे चष्मा. माझा नंबर मोठा, चष्म्याशिवाय गॅसची शेगडीसुद्धा धूसर दिसते. काडी बरोबर कानामागच्या व्रणावर बसते. दिवसभर घातला की संध्याकाळी तिथे लाल वळ.

दुसरं झोप. पहिले दोन आठवडे तीन उशांवर उताणी झोपले. आता कुशीवर वळायला परवानगी मिळालीय, पण पाच मिनिटांत कानाची वरची कड ठणकायला लागते. रात्री वापरायचा तो इलास्टिकचा पट्टाही कान चेपतो.

तिसरं, चार दिवसांपासून उजव्या कानाला दडा बसलाय. सासूबाई लसणीचं तेल कोमट करून वाटी घेऊन उभ्याच आहेत. नाही म्हटलं तर रुसतात, हो म्हणायची भीती वाटते.

आणि हो, दीड महिन्यावर भाचीचं लग्न आहे. झुबे घालता येतील का? (हसा खुशाल.)

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

दोन वर्षांपूर्वी मीही केलंय, त्यामुळे तुमचा शब्द न् शब्द कळला. माझी डावी पाळी आठ महिन्यांनी पूर्ण जागी झाली, उजवी त्याच्या आधीच.

झोपेसाठी चुंबळ करा. खरंच, आजी घागरीखाली ठेवायची तीच. जुनी मऊ सुती ओढणी पिळून गोल वळायची, मधली पोकळी कानाएवढी, ती उशीवर ठेवून कान पोकळीत सोडायचा. भार गालफडावर आणि डोक्यावर येतो, कान अधांतरी राहतो. दुकानात भोकाची उशी मिळते, पण मला चुंबळच बरी वाटली. पट्टा बांधताना आधी कान मागे दुमडला नाही ना ते आरशात बघा आणि कानामागे गॉझची घडी ठेवा. तरी चेपत असेल तर पट्टा किती घट्ट आणि किती तास, हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने काढून टाकू नका.

चष्म्याच्या दुकानात काडीचं टोक सरळ करून मिळतं, म्हणजे ते कानामागे वळत नाही. मागून डोक्याला दोरी लावायची. दिसायला ग्रंथपाल, पण वळ गेले.

प्रतिसाद

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स होते, म्हणून लिहिते.

तेल अजिबात नको. सासूबाईंना माझं नाव सांगा. आत टाका असेल, वाळलेलं रक्त असेल किंवा पडदा कसा आहे हे बघितलेलं नसेल, तर कानात काहीही घालायचं नाही. काडी, बड्स, हेअरपिन, काही नाही. दडा बऱ्याचदा साकळलेल्या रक्ताचा, मलमाचा किंवा कानापुढच्या सुजेचा असतो. डॉक्टर आत बघून पाच मिनिटांत सांगतील. चार दिवस थांबलात हेच जास्त झालं.

बधिरतेचं कारण म्हणजे ग्रेट ऑरिक्युलर नावाची नस. ती मानेच्या स्नायूवरून वर येते आणि पाळीला, कानामागच्या कातडीला संवेदना देते. फेसलिफ्टमध्ये सगळ्यात जास्त दुखावते ती हीच. बहुतेकांची संवेदना परत येते, पण तोवर शेक देऊ नका, बर्फ थेट लावू नका, हेअर ड्रायर गार हवेवरच ठेवा. बधिर कातडी भाजली तरी तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडे गरम पाण्याच्या पिशवीने कानामागे फोड आलेली बाई आली होती, तिला फोड आरशात दिसला तेव्हा कळलं.

कान लाल, गरम होऊन हात लावू देईना, पू आला, ताप आला किंवा एकच बाजू अचानक फुगली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानाच्या कुर्चेत, म्हणजे आतल्या लवचीक हाडासारख्या भागात, जंतुसंसर्ग गेला तर कानाचा आकार बिघडतो.

झुब्यांचं म्हणाल तर पाळीचा व्रण अजून कोवळा आहे. वजनाने पाळी खाली ओढली जाते आणि बधिर असल्याने ओढ जाणवतही नाही. तुमच्या सर्जननी हो म्हटल्याशिवाय साधी कुडीसुद्धा नको.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघींचे मनापासून आभार. आज जाऊन आले. कानात मलम आणि वाळलेलं रक्त यांचा गोळा होता, तो काढला. रिक्षात बसले तर हॉर्न एवढा मोठा वाजला की दचकले.

चुंबळ काल रात्री केली, दोनपर्यंत सलग झोप लागली. चष्म्याच्या दुकानात उद्या जाते. सासूबाईंना तुमचं नाव सांगितलं, आता त्या नर्सबाईंचा नंबर मागतायत, त्यांच्या गुडघ्यांसाठी.